हेल्मेटवाले दोघे थांबले का?

प्रश्न : दादा, डाफ्ट पंक ही फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतवाली जोडी मी आत्ता आत्ता ऐकायला लागलो आणि बघतो तर ती २०२१ लाच बंद पडलेली. ग्रॅमी मिळाल्या, जगभर नाव झालं, मग बंद का केलं? भांडण वगैरे? आणि रोबोची हेल्मेटं घालून तोंडं का लपवायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भांडणाचा मसाला काही मिळणार नाही बाबा. २२ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी आठेक मिनिटांचा व्हिडिओ टाकला, वाळवंटात दोन रोबो चालतायत, एक जण जॅकेट काढतो, दुसरा त्याच्या पाठीवरचं बटण दाबतो, साठ सेकंद मोजले जातात आणि तो फुटतो. झालं. तेही नवीन शूटिंग नाही, त्यांच्याच २००६ च्या सिनेमातला तुकडा! पुढे २०२३ ला दोघांपैकी एक, तोमा बांगाल्तेर, बीबीसीला म्हणाला की आत्ताच्या जगात रोबो होऊन राहायची त्याला अजिबात हौस नाही. मला तेवढं कारण पुरतं.

आणि खरं म्हणजे ही पोरं कधी घाईत नव्हतीच. अठ्ठावीस वर्षांत स्टुडिओ अल्बम फक्त चार. पॅरिसच्या शाळेत १९८७ ला ओळख, मग एक फुसका रॉक बँड काढला, इंग्लंडच्या एका मासिकाने त्याला ‘डाफ्ट पंकी थ्रॅश’ (म्हणजे बावळट पंक धांगडधिंगा) म्हणून झोडपलं, तर यांनी ती शिवीच नाव म्हणून लावून घेतली. १९९७ चा ‘होमवर्क’ तोमाच्या बेडरूममध्ये झाला. व्हर्जिनसारख्या बड्या कंपनीशी करार केला तरी गाण्यांची मालकी आणि शेवटचा शब्द स्वतःकडे, हे विशीतल्या पोरांना सुचलं कसं, तर तोमाचे वडील दानिएल वांगार्द याच धंद्यातले. तू त्यांची चाल ऐकलेली आहेस बरं का, आपल्या मिथुनचं ‘जिमी जिमी’ ज्या फ्रेंच डिस्को गाण्यावरून उचललंय ते त्यांचंच.

हेल्मेटची त्यांची ऑफिशियल स्टोरी अशी की ९/९/१९९९ ला सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओत सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र) फुटला आणि शुद्धीवर आले तर रोबो झालेले. थाप आहे, पण भारी थाप आहे. फायदा असा की स्टेडियम गाजवून हे दोघे दुसऱ्या दिवशी आरामात रस्त्यावरून फिरू शकायचे.

२०१३ च्या अल्बमला तर सॅम्पलिंग, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे वापरणं, जवळपास सोडूनच दिलं आणि चक्क माणसं बसवून वाजवून घेतलं. डिस्कोच्या जमान्यातले नावाजलेले संगीतकार जॉर्जिओ मोरोडर आपली गोष्ट सांगतात त्या गाण्यात त्यांच्यासमोर वेगवेगळ्या दशकांतले माइक ठेवले होते, कुठला काळ सांगतायत त्याप्रमाणे माइक! ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही हे माहीत असून. त्या अल्बमला २०१४ ला पाच ग्रॅमी, आणि टूर? नाहीच काढली. शेवटची टूर २००७ चीच.

तू त्या टूरचा लाइव्ह अल्बम ‘अलाइव्ह २००७’ आधी ऐक, चांगला हेडफोन लावून. तिथे ते जुनी गाणी एकमेकांत घुसवतात, ‘अराउंड द वर्ल्ड’वर ‘हार्डर बेटर’ चढतं तेव्हा पब्लिक कसं ओरडतं बघ.