दुबई साउथमधला फ्लॅट आणि ‘पार्किंगसह’ या शब्दाचा अर्थ

आपण लिहिले आहे की दुबई साउथमधला (अल मक्तूम विमानतळालगतच्या, शहरापासून दूरच्या वस्तीतला) वन बीएचके शहराच्या मानाने बराच स्वस्त मिळतो आहे, एजंट तो ‘पार्किंगसह’ असल्याचे सांगतो आणि घरातली दुसरी गाडी ‘बाहेर कुठेही लागेल’. हे शेवटचे वाक्य मला एका एजंटने शब्दशः असेच ऐकवले होते, म्हणून लिहायला बसलो. ईजारी (भाडेकराराची सरकारी नोंदणी), डिपॉझिट वगैरे आपल्याला ठाऊक असेलच, ते सोडून देतो.

माझ्या करारात ‘पार्किंग : १’ एवढेच लिहिले होते, जागेचा क्रमांक नव्हता, आणि तरीही मी पुढच्या तारखांचे चार चेक देऊन मोकळा झालो. चौकीदाराने बोटाने दाखवलेल्या खांबाशेजारी तीन महिने गाडी लावली; मग एका रात्री काचेवर चिठ्ठी मिळाली, की ही जागा दुसऱ्या फ्लॅटची आहे, उद्यापर्यंत रिकामी करावी. चौकशीअंती कळले, की आमच्या फ्लॅटची खरी जागा मालकाने आधीच दुसऱ्या एका भाडेकरूला वेगळे पैसे घेऊन दिलेली होती.

इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयाचे नाव घेत नाही. तिथे पहिल्या खेपेस ईजारी मागितली, दुसऱ्या खेपेस मालकाचे टायटल डीड (मालकीपत्र), तिसऱ्या खेपेस त्याचे ना-हरकत पत्र. मालक परदेशात, आणि पत्र आले तेव्हा त्यावरची सही पासपोर्टातल्या सहीशी जुळत नाही असे सांगण्यात आले. लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी एकदाही कोणी दिली नाही. यात सात आठवडे गेले, तेही जुलै-ऑगस्टचे. भाडे-विवाद केंद्राकडे जाता आले असते, पण तिथले शुल्क वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के, त्यामुळे गेलो नाही. आज वाटते, जायला हवे होते.

ते सात आठवडे गाडी समोरच्या रेतीच्या मोकळ्या प्लॉटवर उभी होती. सीट बेल्टच्या बकलचा बोटाला चटका बसे, स्टिअरिंग टॉवेलने धरावे लागे, आणि शमाल (वायव्येकडून येणारा रेतीचा वारा) वाहून गेला की वायपरच्या पात्याखाली रेतीची बारीक कड साचलेली असे. ती न झटकता वायपर फिरवल्याने पडलेला अर्धगोल ओरखडा काचेवर शेवटपर्यंत राहिला. बॅटरीही तिथेच बसली. (ओघाने सांगतो : मळलेली गाडी सार्वजनिक जागी सोडून सुट्टीवर गावी जाऊ नका, ५०० दिरहम दंड होऊ शकतो.)

म्हणून चेकवर सही करण्यापूर्वी मालकाच्या टायटल डीडवरचा पार्किंग क्रमांक पाहा, तोच करारात लिहून घ्या आणि स्वतः खाली जाऊन त्या जागेवर उभे राहा. फाटकाचे कार्ड किती मिळणार, तेही लेखी घ्या. मी वकील नाही, आणि प्रत्येक इमारतीचे नियम वेगळे असतात; पण ‘ते नंतर होईल’ म्हणणाऱ्या एजंटवर मी तरी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

जागा सर्वांत खालच्या तळघरात असेल तर १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवावा. १९४९ पासूनच्या नोंदींतला तो अमिरातीतला सर्वांत मोठा पाऊस होता, आणि तळघरांतल्या कित्येक गाड्या त्या दिवशी पाण्यात गेल्या. वरच्या मजल्यावरची जागा मिळत असेल तर ती घ्यावी, नाहीतर विम्यात पुराचे नुकसान धरले आहे का, ते वाचून पाहावे.

दुसऱ्या गाडीविषयी माझे मत कदाचित टोकाचे वाटेल : दोन जागांचा फ्लॅट घ्या किंवा ती गाडी विकून टाका. मात्र एक्स्पोच्या मेट्रो स्थानकाच्या भरवशावर ती विकणार असाल, तर घरापासून तिथवरचे अंतर ऑगस्टमधल्या दुपारी एकदा चालून पाहा. आणि एजंट फ्लॅट सकाळी अकराला दाखवतो, तेव्हा सगळे कामावर असतात. आपण रात्री नऊनंतर एकटे जा आणि रेतीत किती गाड्या उभ्या आहेत, ते मोजा.