इंटरकूलरवर पाणी मारलं म्हणून टर्बोची वॉरंटी जाते का?

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहतो, नोकरी ऐरोलीला. टर्बो पेट्रोल गाडी दोन वर्षांची आहे, वॉरंटी तीन वर्षांची. उन्हाळ्यात गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये रखडल्यावर गाडीला दमच राहायचा नाही, म्हणून टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर पाणी मारणारा स्प्रे घरीच बनवला. काच धुण्याचा पंप, डिकीत पाच लिटरची टाकी, ठिबक सिंचनाचे फॉगर, रिले, फ्यूज आणि बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढला की चालू होणारा प्रेशर स्विच. काही महिने उत्तम चालला. गेल्या महिन्यात टर्बोतून ऑइल गळू लागलं, निळा धूर येऊ लागला. सर्व्हिस सेंटरने स्प्रे पाहिला आणि जॉबकार्डवर ‘अनधिकृत बदल, वॉरंटी रद्द’ लिहिलं. खर्च दीड लाखाच्या घरात सांगतात. तिथलाच ॲडव्हायझर म्हणतो, स्प्रे काढून टाका, खालून दगड लागला असं दाखवून इन्शुरन्सचा क्लेम टाकू. काय करू? मी केलेला बदल बेकायदा आहे का? आणि दोन मित्र पैसे देऊन असंच किट मागताहेत, ते बनवून देऊ का?

उत्तर : आधी तो दगड विसरा. न घडलेला अपघात क्लेम फॉर्मवर लिहून पैसे मागणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, आणि फॉर्मवर सही तुमची असणार, ॲडव्हायझरची नाही. खालच्या बाजूला साधा ओरखडा नाही आणि टर्बोचं सील मात्र गेलंय, हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या लगेच लक्षात येईल. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड भरून मिळत नाही. म्हणूनच तर तुम्हाला खोटा अपघात सुचवला जातोय.

स्प्रेलाही आता हात लावू नका. त्याची नोंद जॉबकार्डवर झालेली आहे. उद्या तो गाडीत सापडला नाही तर तुम्ही काहीतरी लपवलं असं दिसेल, आणि स्प्रे निर्दोष होता हे दाखवण्याचा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्हीच नष्ट केलेला असेल.

बेकायदा आहे का, ते थोडक्यात सांगते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असं स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तुमच्या स्प्रेने इंजिनाची क्षमता, इंधन, आसनं, रंग यांतलं काहीच बदललेलं नाही. त्यामुळे तो कलम ५२ मध्ये बसत नाही, असं माझं मत आहे. मात्र ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप केला (त्याचं सॉफ्टवेअर बदललं) असेल किंवा धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल, तर प्रदूषणाच्या निकषांचा आणि कलम १९०(२) चा प्रश्न उभा राहतो. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तसं काही केलं असेल तर तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. ईसीयूमध्ये फेरफार झाल्याच्या खुणा अनेकदा सापडतात, आणि मग प्रकरणाचा सगळा रंगच बदलतो.

आता वॉरंटीकडे येऊ. ‘गाडीत बदल केला, म्हणून वॉरंटी संपली’ हे वाक्य सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर फार सहज बोललं जातं, आणि लोक ते कायदा समजून दीड-दीड लाख भरून मोकळे होतात. मला याची खरोखर चीड येते. तुमच्या वादात खरा प्रश्न एकच आहे : या बदलामुळे हा भाग गेला का? वॉरंटीची पुस्तिका उघडा आणि शब्द नीट वाचा. बदलामुळे झालेला बिघाड वगळलाय, की कुठलाही बदल केला तर सगळी वॉरंटी रद्द म्हटलंय? पहिला प्रकार असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसरा असेल तर भांडण अवघड होतं, पण कारणाचा मुद्दा तेव्हाही मांडावाच लागतो.

तांत्रिक बाजू तुम्हाला ठाऊक आहे, प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर ती तिथे साध्या शब्दांत मांडा. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला थंड करतो. स्प्रेचं पाणी इंटरकूलरच्या बाहेरच्या पात्यांवर पडतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. ते इंजिनात जात नाही, ऑइललाही लागत नाही. पाणी-मिथेनॉल इंजेक्शन ही पूर्ण वेगळी गोष्ट, त्यात द्रव थेट आत जाणाऱ्या हवेत सोडतात. कंपनीचा वकील या दोहोंची गल्लत करील, तिथे त्याला थांबवा. सुबारूच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांच्या काही आवृत्त्यांत असा स्प्रे कारखान्यातूनच बसून यायचा. म्हणजे कल्पना मुळातच घातक नाही. टर्बोचं सील जायला सहसा दुसरी कारणं असतात : ऑइल वेळेवर न बदलणं, ऑइल परत जाण्याची नळी तुंबणं, किंवा मूळचाच दोष.

पण तुमची एक बाजू लंगडी आहे आणि ती आत्ताच ओळखलेली बरी. प्रेशर स्विचसाठी तुम्ही बूस्टच्या नळीत टी जोड (तीन तोंडांचा जोड) टाकला असणार. तो जोड गळत असेल तर ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि त्याने टर्बो खराब होऊ शकतो. कंपनीचा तज्ज्ञ पाण्याबद्दल फारसं बोलणार नाही, या जोडावर बोट ठेवील. म्हणून गाडी उघडण्यापूर्वी एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून बूस्ट लीक टेस्ट, म्हणजे दाबाची हवा कुठे गळते का याची तपासणी, करून घ्या, लेखी अहवाल घ्या. जोड घट्ट निघाला तर त्यांचा मुख्य आधार गेला. गळका निघाला तर मला स्पष्ट सांगावं लागेल की, भांडणापेक्षा तडजोड बरी.

कामं या क्रमाने करा. सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांनाही ईमेल पाठवून विचारा की, स्प्रेमुळे टर्बो कसा बिघडला, याचं तांत्रिक कारण लेखी द्या. आतापर्यंतच्या सर्व्हिसची बिलं गोळा करा; ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावा इथे सोन्याच्या मोलाचा आहे. स्प्रे, वायरिंग, जोड यांचे फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि ॲडव्हायझरचा सल्ला व्हॉट्सॲपवर आला असेल तर तोही जपा. मोबाइलवरच्या अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देईल. गाडीशिवाय चालतच नसेल तर दुरुस्ती करा, पण ‘हरकत नोंदवून पैसे भरत आहे’ असं लिहून, आणि जुना टर्बो सीलबंद करून परत मागून घ्या. तो भंगारात गेला तर तपासायला काही उरणार नाही.

पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि वकिलामार्फत नोटीस द्या. तरीही हललं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. शुल्क दुरुस्तीच्या बिलावर नाही, गाडीला मोजलेल्या किमतीवर ठरतं. ती दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असेल तर ४०० रुपये. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कलम ३८ खाली आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून तर टर्बो जपायचा. वॉरंटीच्या काळात भाग बिघडला आणि देखभाल नीट होती, एवढं आधी तुम्ही दाखवायचं. मग बदलामुळेच बिघडला हे दाखवण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते.

विम्याचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर विमा कंपनीला स्प्रेची माहिती ईमेलने कळवून ठेवा. घरगुती वायरिंग असलेल्या गाडीला आग लागली आणि बदल लपवलेला निघाला, तर तेव्हाचा वाद टर्बोच्या वादापेक्षा फार मोठा असेल.

मित्रांना किट विकू नका. पैसे घेऊन वस्तू बनवून दिलीत की, तुम्ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणाखाली उत्पादक ठरू शकता, आणि तुमच्या रिलेमुळे मित्राची गाडी पेटली तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल. आकृती काढून द्यायला हरकत नाही. सोबत बूस्टच्या नळीला हात न लावता साध्या हाती बटनावर पंप चालवायला सांगा.