वाचक विचारतात : माडात टस्कर आला तर

प्रश्न : काका, आमची बागायत तिलारी धरणाच्या खालच्या अंगाला आहे. या पावसात टस्कर, म्हणजे सुळेवाला हत्ती, तीनदा आला. नऊ कवाथे, म्हणजे माडाची तरुण झाडं, पाडली, केळी तर मोजलीच नाहीत. घरातले म्हणतात, रात्री कुंपणाच्या तारेत लाइट सोडू. मी अडवून धरलंय. दुसरं काय करता येईल?
– एक बागायतदार, दोडामार्ग तालुका

उत्तर : ताई, अडवलंत ते अडवूनच ठेवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो मेला तर घरातलं माणूस तुरुंगात जाईल. पण मला त्याहून भीती आहे ती पहाटे बागेकडे निघालेल्या गड्याची, नाहीतर सुटलेल्या म्हशीची. तार माणूस ओळखत नाही.

कुंपणाच्या तारेला जोडायची झटका मशीन वेगळी. तिचा धक्का क्षणभराचा असतो, त्याने जीव जात नाही. पण ती लावून निवांत झोपता येईल असं समजू नका. हस्तिदंतातून वीज नीट वाहत नाही हे टस्कराला लवकर कळतं. तो सुळ्याने तार दाबतो किंवा पायाने खांब आडवा करतो. आणि आपल्याकडे श्रावणात गवत आठ दिवसांत तारेला टेकतं, की झटका सगळा जमिनीत. गवत काढायला माणूस असेल तरच पैसे घाला. हत्ती अडवायला खणलेल्या चराचं तर नावच नको, आपल्या पावसात दोन वर्षांत कडा ढासळून त्याचा उतार होतो. मधमाशीच्या पेट्यांचंही पुष्कळजण विचारतात. केनियात तो प्रयोग चांगला चालला, पण तिथली माशी जहाल. आपली सातेरी त्यामानाने गरीब, त्यात टस्कर येतो रात्री, तेव्हा ती पेटीत.

मी 31 वर्षं वनखात्यात काढली. 2002 साली कर्नाटकातून हत्ती पहिल्यांदा दोडामार्गात उतरले तेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. डबे बडवले, फटाके लावले. पहिल्या रात्री तो पळाला. चौथ्या रात्री कान हलवत उभा राहिला, दमलो आम्हीच. एक आजी खळ्यात येऊन हात जोडून म्हणाली, “बाबा, तू देव खरो, पण माझे माड खाव नको.” तो खरंच गेला. शेजारच्या बागेत.

आता जे हातात आहे ते सांगतो. कवाथा पाडतो तो आतल्या कोवळ्या कोंबासाठी, आणि केळी-कवाथे घराच्या भिंतीला लागून असले की तो भिंतीपर्यंत येणारच. नवी लागवड तरी घरापासून लांब करा. पिकलेला फणस झाडावर ठेवू नका, त्याचा वास फार लांब जातो. भाताची कणगी बाहेरच्या पडवीत नको. पाडलेले माड लगेच तोडून आवरू नका, आधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याला लेखी कळवा. नंतर गेलात तर भरपाईच्या पंचनाम्याला दाखवायला तुमच्याकडे ओंडकेसुद्धा नसतील.

आणि काजूच्या दिवसांत उजाडल्याशिवाय बागेत जाऊ नका, हे मी पाया पडून सांगेन. एप्रिल 2025 मध्ये आपल्या तालुक्यातल्या मोर्ल्यात एक वृद्ध शेतकरी काजूच्या बागेतच हत्तीच्या हल्ल्यात मेले. एवढं मोठं धूड, पण दहा पावलांवर उभं असलं तरी अंधारात दिसत नाही, ऐकूही येत नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती जवळ असला की लोकांना मोबाइलवर निरोप जातो आणि ठरावीक ठिकाणी लाल दिवा लागतो. ग्रामसभेत असा दिवा मागा. हत्तीला हुसकावणाऱ्या हाकारी पथकाला तो रात्री कुठे आहे हे बहुतेक वेळा माहीत असतं. ते तुमच्यापर्यंत वेळेत पोचत नाही, माझं भांडण तिथे आहे.

प्रश्न : हे हत्ती मूळचे इथले नाहीत. मग पकडून लांब का सोडत नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पकडलेत की. फेब्रुवारी 2015 मध्ये सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात कर्नाटकातले शिकवलेले हत्ती आणून तीन पकडले. त्यातले काही पुढे जगले नाहीत. आणि लांब सोडण्याचं म्हणाल, तर केरळचा अरिकोंबन हत्ती बघा. ‘अरि’ म्हणजे तांदूळ. रेशन दुकानं फोडून तांदूळ खाई म्हणून हे नाव. एप्रिल 2023 अखेर त्याला इडुक्कीतून उचलून पेरियारच्या जंगलात सोडला. महिनाभरात तो तमिळनाडूतल्या कंबम गावाच्या रस्त्यावर. पुन्हा पकडून आणखी दक्षिणेला न्यावा लागला. पुण्यात बसून ‘लांब’ म्हणणं सोपं आहे, पण त्या लांबच्या ठिकाणीही कुणाची तरी केळी असतात.

प्रश्न : ओंकार हत्ती 2025 च्या सप्टेंबरात आमच्या पेडण्यात आला, तेव्हा बघायला जत्रा लोटली होती. किती अंतरावरून बघितलेलं चालेल?
– एक वाचक, गोवा

उत्तर : घराच्या खिडकीतून. आणि कुत्रा बांधून ठेवा. तो भुंकत हत्तीवर जातो, हत्ती मागे लागला की शेपूट घालून धन्याकडेच पळत येतो, आणि मागून हत्ती.