समन्स घेऊन मी त्याला 'थँक यू' म्हणालो

व्हिसा, विमा, लायसन्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो. तुम्ही लिहिलंत, "माझी नोकरी न्यू जर्सीत, बायकोची कॅलिफोर्नियात, मुलगी तिच्याकडे राहील, वर्षभराचाच प्रश्न आहे." आमचंही वर्षभराचंच होतं.

लेकीच्या किंडरगार्टनसाठी मी रजा टाकून तिकडे गेलो. पुण्याच्या डॉक्टरांच्या अक्षरातली लसीकरणाची वही शाळेला वाचता येईना, तीन खेपा झाल्या. त्या वैतागात, मुलगी इथेच आईकडे राहते, या कागदावर सही केली. मीच. अजून डाचतं.

दोन वर्षांनी तिच्या वाढदिवसाला गेलो. संध्याकाळी तिला सोडायला दारात उभा, तिचं दप्तर माझ्या खांद्यावर. एका माणसाने नाव विचारून पाकीट हातात दिलं. मी चक्क 'थँक यू' म्हणालो. आत घटस्फोटाचं समन्स.

राहतो जर्सीत, कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचा माझ्याशी काय संबंध? वकील म्हणाला, बर्नहॅमचा खटला. हा बर्नहॅमही जर्सीचा, बायको-मुलं कॅलिफोर्नियात. जानेवारी 1988 मध्ये कामासाठी गेला, मुलांना भेटला आणि बायकोच्या घरी समन्स हातात पडलं. उणेपुरे तीन दिवस होता तिथे. 1990 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ते अधिकारक्षेत्र ग्राह्य धरलं. का, यावर मात्र त्यांचं एकमत नव्हतं. त्यांतले एक न्यायाधीश, स्कालिया, म्हणाले, पूर्वापार असंच चालत आलंय. थोडक्यात, आपल्या पायाने त्या राज्यात गेलात आणि तिथे कागद हातात पडला की सापडलात. फसवून बोलावलं असेल तर बरीच कोर्टं ते मानत नाहीत. मला कुणी फसवलं नव्हतं.

मुलीच्या ताब्याचं गणित वेगळं. तिथे बापाला समन्स कुठे मिळालं ते गौण, मूल आधीचे सलग सहा महिने कुठल्या राज्यात राहिलं ते बघतात. माझ्या सहीचा कागद तिथे बरोबर बाहेर आला. तेव्हा मुलगी कुठल्या शाळेत जाणार हे दोघांनी आत्ताच बसून ठरवा, माझ्यासारखं रांगेत उभं राहून नको.

एकटेपणाचं विचारलंत. होते सवय.

आणि भेटायला जायचं टाळू नका. एकदा बजावणी झाल्यावर घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं, वकिलाने सांगितलंही होतं. तरी मी सात महिने गेलो नाही. तिचे पुढचे दोन दात पडले आणि नवे आले, ते मी फोनवरच पाहिलं.