वाचकांचे प्रश्न : अवांतर गप्पांचं काय करायचं?

प्रश्न : ताई, आमचा पुस्तकवेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर असे सगळीकडचे लोक आहेत, मी ॲडमिन. रोज एकाने पुस्तकाचा परिचय टाकायचा, असं ठरलंय. पण परिचय पडला की खाली चार अंगठे उमटतात आणि तासाभरात गाडी हुरड्यावर, सोयाबीनच्या भावावर, नाहीतर कुणाच्या तरी चष्म्याच्या नंबरवर जाते. ‘अवांतर बंद’ असा नियम करू का?
– एक ॲडमिन, सेलू

उत्तर : नका करू. मी ज्या ग्रुपवर आहे, तिथलं एक सांगते. मेडिकलच्या दुकानात कामाला असलेल्या एका मुलीने दुपारीच विचारलं, ‘कादंबरीत दोन माणसं टॉवेलाखाली हात घालून बसलीत, बोलत काहीच नाहीत, आणि पुढच्या ओळीत बैल विकला गेला. मधी काय झालं?’ लोह्याकडचे एक काका लगेच म्हणाले, ‘अगं, भाव करायलेत त्ये!’ आणि मग त्यांचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचे सौदे कसे व्हायचे, कोणतं बोट धरलं म्हणजे किती, पुरं मनगट दाबलं की समजायचं काय. आणि झाकून का? तर बाजूला उभ्या गिऱ्हाइकाला आकडा कळला की पुढचा सौदा बिघडतो. त्यावर एका बाईंनी त्यांच्या वडलांना दलालाने कसं गंडवलं ते सांगितलं. मग बैलांच्या जाती, मग कडब्याचा भाव. अवांतरच सगळं! पण संध्याकाळपर्यंत तिघांनी ती कादंबरी मागितली होती. तिचा रीतसर परिचय आधीच पडून होता बरं का, ‘ग्रामीण वास्तवाचे प्रखर चित्रण’ वगैरे. त्याने एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

परिचय लिहिताना आपली माणसं परीक्षेला बसल्यासारखी लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं, आता आपणही तसंच काहीतरी भारदस्त बोलायला पाहिजे. मग तो अंगठा देऊन सुटतो. मी ग्रंथपाल म्हणून देवघेवीच्या टेबलावर नोकरी काढली. तिथे ‘व्यक्तिरेखाटन’ हा शब्द कुणी काढल्याचं मला आठवत नाही. ‘शेवट गोड आहे का?’ विचारायचे. ‘अक्षर मोठं आहे का?’ विचारायचे. एखादी बाई पुस्तक उशिरा परत करताना ‘दंड घ्या, पण दोन वेळा वाचलं’ म्हणाली, की रांगेतल्या मागच्या बाईने ते तिथूनच उचललं म्हणून समजा. तेव्हा तुमचा तो चष्म्याचा नंबरही पुस्तकाचाच विषय आहे. साठीच्या पुढच्या वाचकाला कोणती आवृत्ती मोठ्या टायपात आहे हे सांगणारा माणूस समीक्षकापेक्षा जास्त कामाचा.

आणि आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. पैठणला, गोदाकाठच्या गावांना महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी राहिले, बोलले. त्यांच्या माघारी म्हाइंभटांनी माणसं गाठून गाठून त्या आठवणी गोळा केल्या, तेच ‘लीळाचरित्र’. त्यात तत्त्वज्ञान आहे तसं खाणंपिणं आहे, रुसवेफुगवे आहेत, वाटेत भेटलेली माणसं आहेत. म्हाइंभट जर ‘अवांतर बंद’वाले असते तर?

नियम हवाच असेल तर एवढाच करा : स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं किंवा स्वतःच्या तोंडाने बोललेलं चालेल, फॉरवर्ड चालणार नाही. ‘शुभ सकाळ’ची फुलं आपोआप गळतील. आणि कुणी ‘गप्पांसाठी दुसरा ग्रुप काढू’ म्हटलं तर मुळीच ऐकू नका. माणसं तिकडे जातात आणि पुस्तकांच्या ग्रुपवर तुम्ही एकटे उरता.

प्रश्न : एका सदस्याने रहस्यकथेतला खुनी कोण ते सरळ सांगून टाकलं. त्याला काढावं का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : काढू नका, रागवा. पुढच्या वेळी आधी ‘शेवट सांगतोय’ असं लिहायला लावा, आणि खाली पाचपन्नास ओळी नुसते टिंब. मेसेज लांबला की ‘अधिक वाचा’ येतं. ज्याला राहवत नाही त्याने दाबावं.

प्रश्न : आमच्याकडे पुस्तकाचं दुकान नाही, लातूर गाठायचं तर दिवस जातो. ग्रुपवर कुणी पीडीएफ टाकली तर काय बिघडलं? लेखकाचा प्रचारच होतो ना?
– एक शिक्षिका, औसा तालुका

उत्तर : अडचण खरी आहे, प्रचाराचं तेवढं पटलं नाही. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना मोकळं आहे, खुशाल टाका. (नव्या आवृत्तीला कुणी नवी प्रस्तावना जोडली असेल तर तेवढी सोडून.) पण आपले नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, त्यांचा हक्क २०४२ संपेपर्यंत आहे. हयात लेखकाचं तर बोलायलाच नको. हजार प्रतींची आवृत्ती संपायला जिथे वर्षं लागतात, तिथे शंभर मोबाईलमध्ये फुकट गेलेली पीडीएफ प्रकाशकाला सोसत नाही.

त्यापेक्षा ग्रुपवर प्रत्येकाने घरातल्या कपाटाचा एक फोटो टाकावा. कुणाकडे काय आहे ते कळलं की मागता येतं. लातूरहून रोज ये-जा करणारं कुणी ना कुणी तुमच्या शाळेत असेलच, पिशवीत दोन पुस्तकं येतात. लांबचं असेल तर टपाल खात्याने २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ते शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तेव्हा कादंबरी असेल तर आधी खिडकीवर विचारा. आणि देताना पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने स्वतःचं नाव लिहा. लाजू नका. नाव नसलेलं पुस्तक परत आलेलं मी तरी पाहिलं नाही.