अमेरिकेत आदिवासी कॅसिनोंच्या मंजुरीत लॉबिस्टांचा पैसा खरंच चालतो का?

चालतो. पण तो फक्त परवानगी विकत घ्यायला जात नाही: बराच पैसा शेजारच्या जमातीची परवानगी अडवायला ओतला जातो.

टेक्सासमधल्या एल पासोच्या तिग्वा जमातीचं घ्या. त्यांचा स्पीकिंग रॉक कॅसिनो राज्य सरकारने कोर्टात जाऊन फेब्रुवारी २००२ मध्ये बंद पाडला. टेक्सासमध्ये स्पर्धा नको म्हणून लुइझियानाच्या कुशाटा जमातीने वॉशिंग्टनचा लॉबिस्ट जॅक अब्रामॉफ आणि त्याचा साथीदार मायकेल स्कॅनलन यांना पैसे दिले होते. त्याच पैशातून ख्रिस्ती उजव्या चळवळीचे नेते राल्फ रीड यांनी चर्चच्या लोकांना जुगाराविरुद्ध उभं केलं. कॅसिनो बंद होताच हीच दुक्कल तिग्वांच्या दारात मदतीला हजर! कॅसिनो पुन्हा उघडता यावा म्हणून काँग्रेसमधून कायद्यात एक कलम घुसवून देतो म्हणाले, आणि जमातीने स्कॅनलनच्या कंपनीला ४२ लाख डॉलर मोजले. अब्रामॉफ फुकट काम करतोय असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात स्कॅनलनला मिळालेल्या पैशात त्याचा छुपा वाटा होता. कलम कधी आलंच नाही. ईमेलमध्ये अब्रामॉफ आपल्या आदिवासी अशिलांना ‘माकडं’ म्हणत होता. हे वाचून मला आजही संताप येतो.

सिनेट समितीच्या चौकशीत सहा जमातींनी स्कॅनलनला सुमारे ६.६ कोटी डॉलर दिल्याचं निघालं. अब्रामॉफ, खासदार बॉब ने आणि आदिवासी जमिनींचा कारभार बघणाऱ्या इंटिरियर खात्याचे माजी उपमंत्री स्टीव्हन ग्राइल्स तुरुंगात गेले.

मला जास्त काळजी वाटते ती जिथे गुन्हा सिद्धच होत नाही तिथली. आदिवासी जुगाराच्या १९८८ च्या कायद्यानुसार, त्यानंतर घेतलेल्या, जमातीच्या राखीव क्षेत्राबाहेरच्या जमिनीवर कॅसिनो काढायचा तर, काही अपवाद सोडता, इंटिरियर मंत्री आणि राज्यपाल दोघांचाही होकार लागतो. त्यामुळे सगळा जोर मोजक्या लोकांवर येतो. विस्कॉन्सिनमधल्या हडसनला कॅसिनो काढायचा तीन चिपेवा जमातींचा अर्ज खात्याच्या स्थानिक विभागीय कार्यालयाने मंजुरीसाठी पुढे पाठवला होता. वॉशिंग्टनमधल्या मुख्य खात्याने तो जुलै १९९५ मध्ये फेटाळला. विरोध करणाऱ्या, स्वतःचे कॅसिनो असलेल्या जमातींनी डेमोक्रॅटिक पक्षाला तीन लाख डॉलरहून जास्त देणग्या दिल्या. तेव्हाचे इंटिरियर मंत्री ब्रूस बॅबिट यांची स्वतंत्र चौकशी झाली आणि १९९९ मध्ये कुणावरही आरोप न ठेवता ती संपली.

म्हणून अशा अर्जाची बातमी आली की मी आधी विरोधकांची नावं बघते, मग त्यांचा स्वतःचा कॅसिनो तिथून किती मैलांवर आहे ते.