झोन लावायचा की एकाला एक? लॅक्रोसवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या स्टिकनं बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) आलंय कळल्यापासून पोरांच्या डोक्यात तेच बसलंय, इकडून तिकडून स्टिका जमवून बारा-तेरा वर्षांच्या लेकरांची टीम उभी केली. पहिल्या मॅचला झोन लावला, म्हणजे माणूस न धरता प्रत्येकाला जागा राखायला दिली, सगळी पोरं गोलसमोर गोळा करून ठेवली आणि जिंकलो. दुसऱ्या मॅचला समोरच्यांना पासिंग येत होतं, त्यांनी आमचं पार वाटोळं केलं. आता पालक म्हणायलेत झोनच ठेवा, पोरं म्हणायलेत एकाला एक द्या, म्हणजे ज्यानं त्यानं समोरचा एकच गडी धरायचा. मी काय करू?

उत्तर : सर, पोरांचं ऐका. या वयात मॅन टू मॅनच, म्हणजे एकाला एकच शिकवा, आणि निदान एक सीझन तरी मॅच हरायची वेळ आली तरी झोनकडे पळू नका.

पहिली मॅच तुम्ही का जिंकलात ते आधी बघू. बारा वर्षांच्या पोराला पळता पळता त्या एवढ्याशा जाळीत बॉल झेलणं आणि तिथूनच पुढं फेकणं अजून जमत नसतं, चार पासातले दोन तरी खाली पडतात, आणि डिफेन्सला असलेली तुमची सहाच्या सहा पोरं क्रीजभोवती, म्हणजे गोलभोवतीच्या गोल रिंगणाभोवती, स्टिका वर करून उभी असली की पडलेला बॉल उचलायला तीच जवळ असतात. म्हणजे मॅच तुमच्या डिफेन्सनं नाही, समोरच्याच्या कच्च्या हातांनी जिंकून दिली. दुसऱ्या टीमला पास येत होते तिथं हे उघडं पडलं, कारण बॉल पोराच्या पायापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, झोन डावीकडे सरकेपर्यंत तो उजवीकडं गेलेला असतो.

आणि या खेळात आणखी एक गोष्ट आहे जी फुटबॉल-हॉकीवाल्या सरांच्या पटकन लक्षात येत नाही. इथं गोलच्या मागं पण मैदान असतं, मोठ्या मैदानावर एन्डलाइन गोलच्या १५ यार्ड मागं, आणि अटॅकवाला तिथं बॉल घेऊन निवांत उभा राहू शकतो. आता झोनमधली लेकरं काय करतात, सगळी माना वळवून मागं बॉलकडं बघत बसतात, आणि त्यांच्या पाठीमागून एखादा पोरगा गुपचूप क्रीजवर येतो, पास घेतो, झालं. गोल ६ फूट बाय ६ फूट, एवढ्या जवळून मारल्यावर गोलकीपर बिचारा काय करणार. मला खात्री आहे तुमच्यावर झालेले बरेचसे गोल असेच झाले असतील. झोनमधे 'तो माझा होता' असं कुणालाच म्हणावं लागत नाही, म्हणून कुणी शिकत पण नाही.

मॅन टू मॅनमधे पोराला पळ काढायला जागा नसते. समोर एक माणूस, मागं आपला गोल, मधे तू. त्याच्या अंगावर जाताना शेवटची चार-पाच पावलं छोटी टाकायला शिकतो, नाहीतर समोरचा एका झुकांडीत बाजूनं निघून जातो. त्याला मधे येऊ न देता साइडलाइनकडं दाबायला शिकतो, त्याचा कच्चा हात कोणता ते ओळखायला शिकतो. स्टिक उगाच दांडक्यासारखी फिरवायची नाही, समोरच्याच्या हातांवर नुसती टेकवून ठेवायची. माझा तर आग्रह आहे की आठवड्यातला एक दिवस डिफेन्सच्या पोरांच्या हातातून स्टिकच काढून घ्या, पायानं अडवा म्हणा, बघा पंधरा दिवसात काय फरक पडतो ते.

पण नुसते माणसं वाटून दिले म्हणजे मॅन टू मॅन झालं असं नाही हं, इथं बरेच जण फसतात. ज्याच्या माणसाकडं बॉल नाही त्यानं त्याला चिकटून उभं राहायचं नाही, दोन-चार पावलं आत गोलकडं सरकायचं, आणि अंग असं वळवायचं की एका नजरेत बॉल पण दिसेल आणि आपला माणूस पण. पुढचा कुणी चुकला की यानं सुटून बॉलवर जायचं, याला स्लाइड म्हणतात, आणि हा जो माणूस सोडून आला त्याला तिसऱ्यानं उचलायचं. आपल्या पोरांना हे कबड्डीतून सांगा, रेडर कॉर्नरवर गेला की कव्हर आपोआप आत येतो ना, तसं. परभणीच्या लेकराला हे दोनदा सांगावं लागणार नाही.

आणि ओरडायला शिकवा. मराठीतच ओरडू द्या. 'बॉल माझा', 'पहिला मी' म्हणजे स्लाइडला आधी मी जाणार, 'दुसरा मी' म्हणजे त्यानं सोडलेला माणूस मी उचलणार. गप्प डिफेन्स कितीही पळाला तरी उपयोग नाही. गोलकीपरनं बॉल कुठंय ते सतत सांगायचं, मागं, डावीकडं, समोर, तोच एकटा सगळं बघू शकतो.

सुरुवात एकास एक, मग दोनास दोन, स्लाइड तीनास तीनला आणा. सहास सहा एवढ्यात नकोच. झोन कधी, तर पोरांना स्लाइड जमायला लागल्यावर, आणि तोही फाउलच्या निमित्तानं. आपला एक गडी ३० सेकंद किंवा मिनिटभर बाहेर बसला की सहाजणांना पाचजणांत अडवायचं असतं, तिथं एकाला एक पुरतच नाही, जागा राखाव्याच लागतात. तेव्हा झोन शिकवा, त्या वेळी पोरांना तो का लागतो हे पण कळतं.

पालकांना एकच विचारा, टीम जिंकायला पाहिजे का पोरगं तयार व्हायला पाहिजे. तेराव्या वर्षीच्या कपाचं सतराव्या वर्षी कुणी नाव काढत नाही.

प्रश्न : सर, एप्रिलच्या उन्हात मॅन टू मॅननं पोरं लवकर गळून जातात, म्हणून मी झोन लावतो. चुकतंय का? (बीड)

उत्तर : तुमची काळजी खरी आहे, बीडच्या उन्हात पोरांना पळवायचं म्हणजे जीवावरचं काम. पण उपाय झोन नाही. लॅक्रोसमधे खेळ चालू असतानाच गडी बदलता येतो आणि कितीही वेळा बदलता येतो, मग दोन-दोन मिनिटांनी बदला ना. बाकावरच्या पोरांना पण खेळायला मिळतं. सराव सकाळी साडेसहाला किंवा ऊन उतरल्यावर, आणि पाणी मागायची वाट बघायची नाही, मधे थांबवून पाजायचंच.

प्रश्न : माझी मुलगी लातूरला खेळते. सर तिला कायम समोरच्या टीमच्या सगळ्यात तेज मुलीवर लावतात, ती सुटली की सगळ्या हिच्यावर चिडतात. रडत घरी येते. झोन असता तर असं झालं नसतं ना?

उत्तर : ताई, तेज मुलीवर तुमच्या लेकीला लावतात म्हणजे सरांचा तिच्यावरच सगळ्यात जास्त भरवसा आहे, हे तिला आधी सांगा. एकास एकमधे चांगला अटॅकर कधी ना कधी सुटतोच, मोठमोठ्या टीममधे पण सुटतो. म्हणूनच स्लाइड असते. ती सुटली आणि गोल झाला तर प्रश्न असा विचारायचा की स्लाइडला येणारी दुसरी कुठं होती. झोन लावला असता तर चूक सहाजणींत विरून गेली असती हे खरं, पण तुमच्या लेकीला आज जे येतंय ते आलं नसतं. सरांशी शांतपणे बोला, गोल झाला की एकटीचं नाव घ्यायचं नाही असा टीमचा नियमच करा म्हणा. रोज रडतीये तर हे या आठवड्यातच बोला, लांबवू नका.

प्रश्न : नांदेडला मुलींना शिकवते. मुलांसारखा गच्च झोन मुलींनी लावला तर रेफरी सारख्या शिट्ट्या मारतात, काहून?

उत्तर : मॅडम, रेफरीचं बरोबर आहे. मुलींच्या मैदानी लॅक्रोसमधे गोलसमोर आखलेल्या कमानीत, म्हणजे आर्कमधे, डिफेन्सच्या मुलीला कुणालाही मार्क न करता ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आपल्या माणसापासून स्टिकभर अंतरात असेल तरच चालतं. शिवाय समोरची शॉट मारायच्या तयारीत असताना, कुणाला मार्क न करता तिच्या आणि गोलच्या मधे नुसतं उभं राहिलं तर तो पण फाउल, कारण बॉल कडक रबराचा असतो आणि त्यांच्याकडं हेल्मेट नसतं. म्हणून मुलींचा झोन सतत हलता लागतो, आत शिरा, बाहेर निघा, जी जवळ येईल तिला धरा. मुलींना मोठ्यानं 'एक, दोन' मोजत आत-बाहेर करायची सवय लावा.

प्रश्न : ऑलिंपिकमधे जो छोटा प्रकार आहे त्यात झोन चालेल का? (जालना)

उत्तर : सिक्सेस म्हणतात त्याला. गोलकीपर धरून ६ जण, मैदान ७० मीटर बाय ३६, आणि ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायलाच लागतो. लांब दांड्याच्या स्टिका नसतात, सगळ्यांकडं छोट्याच. मोठ्या टीम गडी बदलत असताना मधेच थोडा वेळ जागा धरतात, पण गोलकीपर सोडून पाचच जण उरतात आणि बॉल लगेच इकडचा तिकडं जातो, त्यामुळं ज्याला एकट्यानं एकाला अडवता येत नाही तो इथं टिकत नाही. जालन्यात मोठं मैदान मिळत नसेल तर याच प्रकारापासून सुरू करा, लहान पोरांसाठी मैदान अजून छोटं आखलं तरी चालतं.